तिसरी हाक

१

डुनाग्रीच्या गढीची किल्ली जार्लथ फाहीच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याच्या वर ठोकलेल्या खिळ्याला टांगलेली असायची. वीतभर लांब आणि वजनाला अशी, की खिशात टाकली तर पँट एका बाजूला ओघळायची. गढी सरकारची आणि किल्ली फाहींची, यात पूर्व गॉलवेच्या त्या भागात कोणाला काही नवल वाटत नसे. सरकार डब्लिनला, गढी इथे, दोन शेतं ओलांडून. मग किल्ली शेजाऱ्याकडे राहणार, दुसरीकडे कुठे राहणार? ज्याला गढी बघायची असेल त्यानं फाहींच्या अर्ध्या दाराशी, म्हणजे खालचा भाग मिटलेल्या आणि वरचा उघड्या दाराशी यावं, कोंबड्यांना पायानं बाजूला सारावं आणि हाक मारावी.

आधी किल्ली डेलिया आत्याकडे होती. ती चाळीस वर्षं लोकांना किल्ली द्यायची आणि एवढंच सांगायची, "जा, बघा, पडू नका." पोस्टमनच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर जार्लथ आत्याच्या जागी आला, आणि किल्लीबरोबर स्वतःही जायला लागला. कारण सरळ होतं. पत्रं वाटताना तो घरोघरी गप्पा हाणायचा, ती सवय आता रिकामी पडली होती.

आत्यानं मरताना नियम एकच सांगितला होता. कुलूप लावण्याआधी दाराच्या आत, डोक्यावरच्या भोकाखाली उभं राहायचं आणि वर तीन हाका मारायच्या. वर कोणी राहिलंय का? तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही, तरच दार ओढायचं. एकदा म्हणे शाळेचा एक मास्तर रात्रभर आत राहून गेला, आणि सकाळी दार उघडल्यावर कोणाशी एक शब्द न बोलता सरळ बंदरावर जाऊन अमेरिकेच्या बोटीत बसला. हे खरं की थाप, ते जार्लथला कधी कळलं नाही. थापा फाहींच्या रक्तातच होत्या.

तिसरी हाक तो लांबवायचा आणि तिला स्वतःचं शेपूट जोडायचा, "...नसेल कोणी, तर मी जेवायला जातो." मग दार ओढायचं. दाराचं लाकूड खाली बसलेलं, त्यामुळे किल्लीचा पहिला फेरा सहज व्हायचा, पण दुसऱ्या फेऱ्याला गुडघ्यानं दार बोटभर उचलून धरावं लागायचं. ही खोड फक्त जार्लथला माहीत होती. त्याची बायको डिम्पना त्या दाराशी झटून झटून शेवटी त्याला एक लाथ घालायची.

संध्याकाळी तो घराकडे यायला लागला, की डिम्पना अर्ध्या दारावर कोपरं टेकून उभी असायची आणि तो कुंपणाशी असतानाच विचारायची, "आज किती थापा मारल्यास?"

तो रोज वेगळा आकडा सांगायचा. सतरा. चाळीस, पण त्यातल्या दोन पाद्र्यासमोर, म्हणून अर्ध्या धरायच्या. ती मान मागे टाकून हसायची. तीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना प्रेमाचं म्हणून जे काही सांगितलं, ते जवळपास एवढंच.

२

गढीचा खरा इतिहास फार कंटाळवाणा होता. कोण्या लहानशा सरदारानं बांधली, दोनशे वर्षं माणसं राहिली, मग छप्पर गेलं, मग गाई बांधल्या. चार तास बसमध्ये अंग आंबवून आलेल्या माणसाला हे सांगायचं तरी कसं?

म्हणून जार्लथनं मर्टा जन्माला घातला. मर्टा हे खरं तर आत्याच्या गाढवाचं नाव, पण गोष्टीत तो गढीचा दरवान झाला. सरदार लढाईला जाताना त्याला सांगून गेला, दुसरा माणूस येऊन तुला मोकळं करीपर्यंत जागा सोडायची नाही. सरदार मेला. त्याची माणसं मेली. दुसरा माणूस कोणी आलाच नाही. दाराच्या बरोबर वर जी अरुंद खोली आहे, जिच्या जमिनीतल्या भोकातून खालच्या शत्रूवर उकळतं पाणी ओतायचे, त्या खोलीत मर्टा बसून राहिला. रोज एका खिळ्यानं भिंतीवर एक रेघ मारत राहिला. रेघा कुठायत, असं कोणी विचारलं की जार्लथ खेदानं मान हलवायचा आणि सगळं खापर ओलीवर फोडायचा.

शेवटी पाहुण्यांपैकी एकानं पुढे होऊन भिंतीला तळहात लावायचा आणि म्हणायचं, "मर्टा, मी आलोय. तू जा." मर्टा सुटणार, मात्र म्हणणाऱ्याला त्याच्या जागी राहावं लागणार. लोक एकमेकांना ढकलायचे, खिदळायचे, एखादा धीट माणूस म्हणून टाकायचा. नऊ वर्षांत शेकडो लोकांनी मर्टाला मोकळं केलं आणि बसमध्ये बसून ते सुखानं घरी गेले.

जूनमधल्या त्या गुरुवारी कॉर्ककडच्या एका चर्चचे अकरा जण आले होते, सगळे साठीच्या पुढचे. त्यांत कन्सेप्टा नावाच्या एक बाई होत्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण चक्री जिना सगळ्यांच्या आधी चढून वर पोचलेल्या. त्यांनी गोष्ट मन लावून ऐकली. तळहात लावायची वेळ आली तेव्हा कोणी पुढे होईना, म्हणून जार्लथनं त्यांनाच विनवलं.

"मी नाही म्हणायची, बाळा," कन्सेप्टाबाई म्हणाल्या. जार्लथ अठ्ठावन्न वर्षांचा होता. "असलं काही कोणासमोर म्हणू नये. आणि मी म्हणून उपयोग काय? पहारा बदलायचा तर किल्लीवाल्यानं बदलायचा. पाहुण्यांच्या बोलण्याला कोण विचारतंय?"

सगळे हसले. जार्लथही हसला, पण ही जोड आपल्याला नऊ वर्षांत कशी सुचली नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं. उद्यापासून हे गोष्टीत घालायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

"बाई, तुम्ही नुसत्या बोलणाऱ्या," तो म्हणाला. त्यानं टोपी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, भिंतीला तळहात लावला आणि पाद्री लावतात तसा सूर लावला. "मर्टा, मी आलोय. तू जा."

काही झालं नाही. भोकातून वर येणारा वारा मात्र थांबला. तो नेहमी वर यायचा, गुडघ्यांना गार लागायचा.

३

लोक बाहेर पडताना दारापाशी उभं राहून मोजायची त्याला सवय होती. आत अकरा, तर बाहेर अकरा. त्यानं मोजायला सुरुवात केली. कन्सेप्टाबाई पहिल्या. मग एक जोडपं. मग दोन बहिणी, एकसारख्या रेनकोटमधल्या. सात, आठ. कोणीतरी मध्येच थांबून शौचालयाचं विचारलं, त्यानं मान वळवून हात दाखवला. नऊ, दहा, अकरा. आणि मग उंबऱ्यावरून आणखी कोणीतरी त्याच्या खांद्याला घासून बाहेर गेलं, आणि त्याच्या तोंडातून आपोआप बारा निघालं.

तो बसपर्यंत गेला. ड्रायव्हरनं मोजले, ते अकरा होते. शौचालयापाशी कोणी नव्हतं. शेतात गाई होत्या. त्या मात्र सगळ्या एका रांगेत, गढीकडे पाठ करून उभ्या होत्या.

एक जण दोनदा मोजला गेला असणार. बहिणी एकसारख्या होत्या, तिथेच घोळ झाला असणार. बस गेली. साडेपाच वाजत होते, ऊन अजून चांगलं उंच होतं. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड मावळत नाही. घरी बटाटे उकडत असणार, कोबी असणार, आणि बारा मोजल्याचा किस्सा डिम्पनाला सांगायला चांगला होता. त्यात थोडी भर घातली तर तेरापर्यंत नेता आला असता.

डोक्याला ऊन लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की टोपी वरच राहिली.

४

किल्ली बाहेरून कुलपात तशीच लटकत ठेवून तो वर गेला. एवढ्याशासाठी ती कोण काढतं.

कोनाडा रिकामा होता. त्यानं खाली बघितलं, दगडी बाकाखाली हात घालून चाचपडलं. टोपी कोणीतरी चुकून नेली, असं मनात म्हणत तो वळला आणि त्याला भिंत दिसली.

कोनाड्याच्या बाजूला, त्याच्या छातीच्या उंचीवर, भिंतीवर रेघा होत्या. उभ्या, बोटभर लांबीच्या, एकमेकींना खेटून, ओळींच्या खाली ओळी. वरच्या ओळी काळ्या पडलेल्या होत्या, खालच्या हळूहळू फिकट होत गेलेल्या. शेवटची रेघ पांढरीशुभ्र होती आणि तिच्याखाली जमिनीवर चुन्याची पूड पडली होती.

अर्ध्या तासापूर्वी अकरा माणसांसमोर त्यानं याच भिंतीला हात लावला होता. या रेघा त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढल्या होत्या, एका पावसाळी दुपारी, बेल्जियमच्या एका कुटुंबासाठी.

ऊन फिरलं असणार. तिरपं ऊन पडलं की भिंतीवर नको नको ते दिसतं. त्यानं कोनाड्यात परत हात घातला, तर बोटांना काहीतरी लागलं. खिळा. हातानं घडवलेला, चौकोनी डोक्याचा. गार दगडावर पडलेला तो खिळा कोमट होता.

तेवढ्यात खालून आवाज आला, "वर कोणी राहिलंय का?"

हा शेजारचा पॅडजो, असं त्याच्या मनात आलं. पॅडजोला सगळ्या गावाच्या नकला करायची खोड होती, आणि ही तर फारच छान जमली होती. जार्लथ हसला आणि ओरडला, "राहिलंय, राहिलंय. टोपी शोधतोय."

"वर कोणी राहिलंय का?"

"पॅडजो, आहे मी. येतोच."

तो दोन पावलं जिन्याकडे गेला आणि थांबला. पॅडजो रविवारपासून लिमरिकला बहिणीकडे गेला होता.

"वर कोणी राहिलंय का," खालचा आवाज म्हणाला, आणि मग लांबवत, अगदी त्याच ठिकाणी श्वास घेत, "...नसेल कोणी, तर मी जेवायला जातो."

जार्लथ भोकाशी गुडघे टेकून वाकला. बरोबर खाली एक टोपी होती. तपकिरी, मागच्या शिवणीला डिम्पनानं काळ्या दोऱ्यानं टाका घातलेली. टोपीखाली खांदे होते. एक हात दाराच्या कडेवर होता, आणि त्याची नखं चुन्यानं भरलेली होती.

हात मागे गेला. दार ओढलं गेलं. किल्लीचा पहिला फेरा झाला. मग गुडघा लाकडावर टेकल्याचा धप्प आवाज आला, दार बोटभर उचललं गेलं, आणि दुसरा फेरा पहिल्याच झटक्यात बसला.

५

दाराला आतून धक्के मारून खांदा दुखायला लागला, तेव्हा तो थांबला. त्यानं मनाशी यादी केली. वरचा मजला? तिथे सरकारनं बसवलेलं लोखंडी जाळीचं दार, त्याची किल्ली याच मोठ्या किल्लीच्या कडीत. फोन? फोन घरी, पावाच्या डब्याशेजारी चार्जिंगला. जंग्या? भिंतीतल्या त्या फटी आतून रुंद आणि बाहेर निमुळत्या, त्यांतून बाण जाईल किंवा दंड जाईल, डोकं नाही. शत्रूला आत येता येऊ नये म्हणून हे सगळं फार विचार करून बांधलं होतं. आतल्या माणसाचा त्यात कोणी विचार केला नव्हता.

आणि वर बसलेल्या माणसाला कोण येतंय ते दिसावं, म्हणून त्या खोलीतल्या जंगीतून दोन शेतं, कुंपण आणि त्याच्या स्वतःच्या घराचं अर्धं दार अगदी समोर दिसत होतं.

त्यानं जंगीतून हात बाहेर काढला, रुमाल हलवला, बोंब मारली. गाईंनीसुद्धा माना वळवल्या नाहीत.

शेतातून कोणीतरी घराकडे चाललं होतं. टोपी घालून, हात मागे बांधून, पोस्टमनसारखं जरा डाव्या खांद्यावर झुकून. कुंपणापाशी पोचेपर्यंत डिम्पना दारात आलीच होती. तिनं कोपरं टेकली. एवढ्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ती काय विचारतेय हे जार्लथला ऐकायची गरज नव्हती.

चोर असेल तर तिला काही करील, हा विचार त्याच्या मनात आधी आला. मग त्याला कळलं, की खरी भीती ती नाही. तिनं मान मागे टाकली तर? ती हसली तर?

तो भिंतीला कपाळ टेकून बघत राहिला. टोपीवाला काहीतरी म्हणाला. डिम्पना हसली नाही. ती तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली, आणि तो आत गेला. आत जाताना तो वाकला. जार्लथ पाच फूट चार इंच होता. त्या दारातून आत जाताना वाकायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती.

डिम्पना बाहेरच राहिली. कोंबड्या तिच्या पायांत घोटाळत होत्या. ती बराच वेळ गढीकडे बघत होती, निदान जार्लथला तसं वाटलं. मग आत गेली, आणि अर्ध्या दाराचा वरचा भाग मिटला.

तो पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. आपण चढताना थकत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तहानही लागली नव्हती. सकाळपासून दोन चहा आणि पावाचा एक तुकडा, तरी पोटात बटाट्यांची आठवण म्हणून नव्हती. घाबरलं की असं होतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. तो बाकावर बसला. उजेड गेला, उजेड परत आला. मध्ये झोप लागली नाही. पहाटे खाली बघितलं तर खिळा त्याच्या हातात होता, आणि भिंतीवर कालच्या शेवटच्या रेघेशेजारी आणखी एक होती.

६

शुक्रवारी अकरा वाजता दार उघडलं. बायकापुरुष मिळून नऊ जण, दोघी तिघी छत्र्या झटकत होत्या. आणि जार्लथचा आवाज त्यांना सांगत होता, ही गढी एका लहान सरदारानं बांधली, दोनशे वर्षं माणसं राहिली, मग छप्पर गेलं, मग इथे गाई बांधल्या.

तो त्या खोलीतच उभा होता. ते आत आले. त्यानं एकाचा दंड धरला, त्या माणसानं दंड चोळत जंगीकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, इथे फार वारा येतो. तो एकेकाच्या तोंडासमोर उभा राहून बोलला. आधी सरळ सांगितलं, मग विनवलं, मग शिव्या दिल्या. हाताला चुना लागलेला माणूस मात्र आत आलाच नाही. तो जिन्यातल्या अंधारात उभा राहिला होता, टोपी कपाळावर ओढून.

रेनकोटवाल्या एका मुलीनं जिन्याकडे वळून विचारलं, इथे भूतबीत आहे का, एखादी दंतकथा?

"नाही," जिन्यातला आवाज म्हणाला. "तसलं इथे काही नाही. मी खोटं सांगत नाही."

मुलगी हिरमुसली. "मग भिंतीवर हे काय कोरलंय?"

"कोणीतरी दिवस मोजलेत."

जार्लथ त्यांच्या पाठोपाठ जिना उतरला. दार सताड उघडं होतं. बाहेर गवत होतं, चाकोरीत साचलेलं पाणी होतं, सगळं हाताच्या अंतरावर. टोपीवाला बाहेर उभा राहून मोजत होता. सात. आठ. नववी ती मुलगी. जार्लथ शेवटच्या पायरीवर पोचला आणि त्याचा पाय उचलेना. दुखत नव्हता, बधिरही झाला नव्हता. सभेत उभं राहायची वेळ नसताना माणूस जसा उठत नाही, तसा तो उठला नाही. आपल्याला जायला कोणी सांगितलेलं नाही, असं काहीसं त्या पायाला पक्कं ठाऊक होतं.

"नऊ," बाहेरचा म्हणाला. "सगळे आले."

मग तो आत आला, भोकाखाली उभा राहिला, आणि त्यानं नियमाप्रमाणे तीन हाका मारल्या. चार हातांवर, पायरीवर उभ्या असलेल्या जार्लथनं तिन्हींना ओ दिली.

कुलूप लागलं. वर जाताना त्याच्या डोक्यात कन्सेप्टाबाईंचं बोलणं फिरत होतं. म्हणजे नऊ वर्षं शेकडो माणसांनी जे म्हटलं ते फुकट गेलं, कारण किल्ली त्यांची नव्हती. आता कोणी काही म्हणणार असेल तर किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानंच म्हणायला हवं. आणि किल्ली फक्त फाहींच्या घरात होती. तिथे खिळ्यापर्यंत हात पोचणारी माणसं दोन. त्यांतला एक तर मरेपर्यंत म्हणणार नाही, आणि त्याला मरण कितपत येतं हे जार्लथला भिंतीवर दिसत होतं.

दुसरी डिम्पना. तिला ते वाक्य पाठ होतं. नऊ वर्षं जेवताना तिनं त्याची नक्कल केली होती.

जंगीशी उभा राहून तो तिची वाट बघायला लागला. कधी कोणाची बघितली नव्हती अशी. ये, ये, किल्ली घेऊन ये. तिनं नुसतं एवढं म्हणावं, आणि मी त्या शेवटच्या पायरीवरून खाली. पुढचं त्याला तेव्हा सुचलं नाही. हे त्यानं नंतर स्वतःशी कबूल केलं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

७

ती सहाच्या सुमाराला आली, एकटीच. एप्रन तसाच अंगात, पायात बागेतले रबरी बूट. दाराशी झटताना तिनं शिवी हासडली ती जार्लथला वर ऐकू आली, आणि चोवीस तासांत वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं.

ती भोकाखाली येऊन उभी राहिली. त्याला वरून तिचा भांग दिसला, मग तिनं मान वर केली. तिचे डोळे भोकावर होते, पण त्याच्यावर नव्हते. किल्ली तिच्या हातात होती.

"हे वेडेपण आहे, मला माहितीय," डिम्पना म्हणाली. "घरी जो बसलाय तो तूच आहेस. तुझी टोपी, तुझा आवाज. माझ्या आईचं नाव, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्याला ठाऊक. पण काल विचारलं किती, तर म्हणाला, एकही नाही. आज विचारलं, तर म्हणाला, मी खोटं बोलत नाही. जार्लथ, तू तीस वर्षांत मला घड्याळातली वेळसुद्धा कधी सरळ सांगितली नाहीस."

जार्लथनं तोंड उघडलं. सत्तावीस, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. नुसतं सत्तावीस म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं; पाहुण्यांना ऐकू आलं नव्हतं, पण किल्ली हातात असलेल्याला ऐकू येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"रात्रभर तो जागाच होता," ती म्हणाली. "अंथरुणावर उठून बसलेला. दाराकडे बघत. मी विचारलं, झोपत का नाहीस, तर म्हणाला, सवय नाही." तिनं नाक पुसलं. "तर आता ऐक. मी तीन हाका मारते. तू वर असलास तर नुसती ओ दे. मग मी ते वाक्य म्हणते आणि तू खाली ये. त्यानं माझं काय होईल ते तू बघ मग. तू काहीतरी थाप मारून सोडवशीलच."

तिनं किल्ली छातीशी धरली. तिच्या मागे उघड्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता, त्यात तिच्या बुटांचा चिखल चमकत होता.

"जार्लथ, वर आहेस का?"

हो म्हणायला अर्धा श्वास लागला असता. त्यानं तो घेतलाही. आणि मग त्याला तिच्या जागेवरून, दगडाच्या भोकातून वर बघावं तशी, ती खोली दिसली जिच्यात तो होता. त्या बाकावर एप्रन घातलेली डिम्पना. हातात कोमट खिळा. जंगीला कपाळ लावून स्वतःच्या कोंबड्यांकडे बघणारी. तिला तो सोडवणार कसा होता? ती जागा रिकामी राहणार नव्हती. त्यानंच ती तशी रचली होती, बेल्जियमच्या लोकांना मजा वाटावी म्हणून.

नको म्हण, असं ओरडावं तर ती ऐकणारी नव्हती. तो वर आहे एवढं कळलं, की ती म्हणणारच. दाराला लाथ घालणारी बाई होती ती.

"जार्लथ, वर आहेस का?"

त्यानं रुमाल तोंडात कोंबला. गोष्ट सांगितल्याशिवाय जो कधी पाच मिनिटं बसला नव्हता, ज्यानं आत्याच्या मयतातसुद्धा दोन किस्से सांगितले होते, तो भोकाशी गुडघे टेकून, श्वाससुद्धा दाबून बसला. जार्लथ फाहीनं आयुष्यात मारलेली ती सगळ्यांत मोठी थाप होती, आणि तिला एक शब्दसुद्धा लागला नाही.

 मग डिम्पनानं तिसरी हाक मारली. ती लांबवली, त्याच्यासारखी, आणि शेवटाला तिचा आवाज जरा तुटला.

"वर कोणी राहिलंय का... नसेल कोणी, तर मी जेवायला जाते."

ती थांबली. मोजून दहा तरी श्वास थांबली. मग बूट वळले, उन्हाचा पट्टा बारीक होत गेला, आणि दार ओढलं गेलं. किल्लीचा पहिला फेरा झाला. दुसरा अडला. तिनं पुन्हा पिळलं, पुन्हा अडला. जार्लथ वाट बघत होता की आता ती शिवी हासडेल, आता लाथ घालेल.

तेवढ्यात लाकडावर धप्प आवाज झाला. बाहेर तिच्या शेजारी कोणीतरी दार गुडघ्यानं बोटभर उचलून धरलं, आणि किल्ली फिरली.